रांगेंतील साव

चोर कोणाला म्हणावें, हा प्रश्न आमच्या लहानपणीं फारसा अवघड नव्हता. रात्रीं भिंतीला भोंक पाडून आंत येतो तो चोर. जत्रेंत खिसा कापतो तो भामटा. आणि देवळाबाहेरच्या वहाणा पायांत घालून चालता होतो तो उचल्या. उरलेले सगळे साव. या सोप्या हिशेबांत आपण सावांच्या बाजूला आहों, याबद्दल सत्तरी गांठीपर्यंत मला कधीं शंका आली नव्हती. ती प्रथम आली २०२४ सालच्या शरद् ऋतूंत, लंडन शहरांतील एका लहानशा दुकानांत, हातांत दुधाची बाटली धरून मी रांगेंत उभा असतांना. तिचाच वृत्तांत आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

मुलीच्या आग्रहावरून सौभाग्यवती व मी तीन महिने तिच्या बिऱ्हाडीं राहावयास गेलों होतों. तिचें घर शहराच्या उत्तर भागांत. संध्याकाळीं पाय मोकळे करावयाचे आणि येतांना कोपऱ्यावरच्या दुकानांतून दूध-पाव घेऊन यावयाचें, हें काम मीं आपखुषीनें पत्करलें होतें. दुकान एका मोठ्या कंपनीच्या शेंकडों शाखांपैकीं एक. पहिल्याच दिवशीं एक गोष्ट डोळ्यांत भरली. लोण्याच्या पाकिटांना चोरीची घंटा वाजविणारीं बिल्लीं लावलेलीं होतीं. कॉफीच्या बरण्या पारदर्शक पेट्यांत कोंडलेल्या होत्या. आणि तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीचे डबे तर कुलपाआड होते. आपल्याकडे असा बंदोबस्त सराफाच्या पेढीवर असतो. ज्या शहरांत लोण्याला सोन्यासारखें राखावें लागतें, तेथें कांहींतरी बिघडलें आहे, एवढें माझ्या ध्यानांत आलें. काय बिघडलें आहे, तें समजावयास आणखी दहाबारा दिवस लागले.

त्या संध्याकाळीं एक मध्यम वयाचा मनुष्य निळी पिशवी घेऊन दुकानांत आला. घाई नाहीं, भीति नाहीं. आपल्याच घरच्या फडताळांतले डबे आवरावे, तशा शांतपणें त्यानें चीजचे तुकडे, मांसाचीं पाकिटें आणि चॉकलेटच्या वड्या पिशवींत सारल्या आणि तो दाराकडे निघाला. गल्ल्यावर विशीबाविशींतली एक मुलगी होती. तिनें वर पाहिलें, ओठ किंचित् हलविले आणि पुन्हां मान खालीं घातली. दारावरची घंटा किंचाळली. तो थांबला नाहीं. रांगेंत आम्ही सातआठ जण होतों. आम्ही काय केलें? आम्ही आपापल्या जोड्यांकडे पाहिलें.

दार मिटल्यावर माझ्या पुढचा गृहस्थ हंसून म्हणाला, “कंपनीला काय कमी आहे!” मागच्या बाईंनीं उसासा टाकला, “पोटासाठीं केलें असेल बिचाऱ्यानें.” तिसरा कोणी पुटपुटला, “पोलिस येतात कुठें?” एवढ्यानें त्या प्रकरणाचा निकाल लागला आणि रांग पुढें सरकली. माझी पाळी आली तेव्हां त्या मुलीचा हात थरथरत होता. दुधाची बाटली यंत्रापुढें धरतांना ती दोनदां चुकली आणि मला म्हणाली, “माफ करा.” दुकानांतल्या इतक्या माणसांत माफी मागण्याचें कारण जिला मुळींच नव्हतें, तिनें एकटीनें ती मागितली. मीं पैसे चुकते केले, दूध घेतलें आणि घरीं आलों. तिला एक शब्दही बोललों नाहीं.

रात्रीं जेवतांना मीं ही हकीकत सांगितली. जांवईबापूंचे दोन स्नेहीही त्या दिवशीं पानावर होते. कोणालाही नवल वाटलें नाहीं. रांगेंत ऐकलेलीं तींच तीन वाक्यें निराळ्या शब्दांत पुन्हां ऐकूं आलीं, फक्त एका स्नेह्यानें चौथें मत जोडलें, “दोघांचौघांचे हात तोडले म्हणजे आपोआप थांबेल.” मला वाटतें, एका मोठ्या शहराचें या विषयावरचें सारें लोकमत या चार वाक्यांत आलें. तेव्हां प्रत्येक वाक्य थोडें पारखून पाहूं.

प्रथम प्रकार किती मोठा आहे तें पाहावें. मार्च २०२५ अखेरच्या वर्षांत इंग्लंड व वेल्समधील पोलिसांनीं दुकानांतील उचलेगिरीचे ५ लाख ३० हजारांहून अधिक गुन्हे नोंदविले. आदल्या वर्षापेक्षां ही वाढ सुमारें २० टक्के होती; आणि सध्यांच्या पद्धतीनें नोंदी ठेवूं लागल्यापासून, म्हणजे मार्च २००३ अखेरच्या वर्षापासून, तोंवर एवढा मोठा आंकडा आला नव्हता. २०२४ सालीं लंडनमधील वाढ तर देशाच्या सरासरीहून पुष्कळच अधिक होती. परंतु नोंद झालेली चोरी म्हणजे झालेली चोरी नव्हे. ब्रिटिश रिटेल कन्सॉर्टियम या व्यापाऱ्यांच्या संस्थेनें २०२३-२४ या वर्षाची जी पाहणी केली, तींत साऱ्या ब्रिटनमधील अशा चोऱ्यांचा अंदाज दोन कोटींच्या वर आणि नुकसानीचा अंदाज २२० कोटी पौंड इतका होता. बहुतेक दुकानदार तक्रार करीतच नाहींत, आणि केलेल्या तक्रारींपैकीं निम्म्याहून अधिक, संशयित सांपडला नाहीं म्हणून मिटविल्या जातात.

आतां पहिलें वाक्य: कंपनीला काय कमी आहे! कंपनीला कमी नसेल. पण कंपनी आपली तूट आपल्या खिशांतून भरीत नाहीं. पहारेकरी, कॅमेरे, कुलपें, बिल्लीं या सर्वांचा खर्च मालाच्या किंमतींत मिसळतो आणि प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या पिशवींतून वसूल होतो. पैशांची गोष्ट सोडली तरी, चोरट्यासाठीं लावलेलें कुलूप उघडण्याकरितां हांक मारून तिष्ठत राहावें लागतें तें तान्हें मूल घरीं ठेवून आलेल्या आईला. ‘चोर सोडून संन्याशाला फांशी’ म्हणतात तें हेंच. शिवाय सारींच दुकानें मोठ्या कंपन्यांचीं नाहींत. १९७२ सालीं युगांडांतून हांकलून दिलेल्या हिंदी कुटुंबांपैकीं कित्येकांनीं ब्रिटनमध्यें कोपऱ्याकोपऱ्यावर लहान दुकानें थाटलीं आणि पहांटेपासून रात्रीपर्यंत नवराबायकोंनीं आळीपाळीनें गल्ल्यावर बसून मुलांचीं शिक्षणें केलीं. अशा दुकानांतून रोज दहा पौंडांचा माल नाहींसा झाला, तर त्या घरीं ‘काय कमी आहे’ तें त्या गृहिणीला विचारावें.

दुसरें वाक्य दयेचें आहे, म्हणून त्याला सहज बाजूला सारतां येत नाहीं. ऑक्टोबर २०२२ मध्यें ब्रिटनमधील महागाईचा वार्षिक दर ११·१ टक्क्यांवर गेला होता, आणि मार्च २०२३ मध्यें अन्नपदार्थांचे भाव वर्षापूर्वीपेक्षां सुमारें १९ टक्के चढलेले होते. धर्मार्थ अन्न वांटणाऱ्या केंद्रांपुढें नोकरी करणारीं माणसेंही रांग लावूं लागलीं. अशा दिवसांत एखाद्या मातेनें दुधाचा डबा पदराआड केला, तर तिला चोर म्हणतांना कोणाचीही जीभ अडखळेल, आणि ती अडखळावीच. परंतु चोरीस जाणाऱ्या मालाची यादी पाहिली म्हणजे निराळीच गोष्ट दिसते. मद्य, मांस, चीज, कॉफी, चॉकलेट, सौंदर्यप्रसाधनें यांवर हात मारण्याकडे कल असतो. कारण या वस्तु लहान, महाग आणि गल्लींत किंवा गुत्त्यांत चटकन् विकल्या जाणाऱ्या. त्यांच्यामागें कित्येकदां अंमली पदार्थांचें व्यसन असतें आणि कित्येकदां मागणीप्रमाणें माल उचलून आणणाऱ्या टोळ्या असतात. आपण दूध चोरणाऱ्या मातेचें चित्र डोळ्यांपुढें आणतों आणि त्या चित्राच्या आड निळी पिशवी निघून जाते. खरी दया असती, तर ती अन्नकेंद्राला चार पौंड देऊन आली असती. तिला दुसऱ्याच्या मालावर उदार होण्याची जरूर पडली नसती.

तिसरें वाक्य पोलिसांचें. त्यांत तथ्य आहे. २०१० नंतरच्या काटकसरीच्या वर्षांत इंग्लंड व वेल्समधील पोलिसांची संख्या सुमारें वीस हजारांनीं घटली, आणि ती भरून येण्यास २०२३ साल उजाडलें. त्यांतच २०१४ च्या एका कायद्यानें २०० पौंडांपर्यंतच्या उचलेगिरीचे खटले खालच्या कोर्टांत संक्षिप्त रीतीनें चालवावे असें ठरविलें. कायद्यानें ती चोरी माफ केली नव्हती. पण ‘दोनशेंच्या आंत कोणी विचारीत नाहीं’ असा अर्थ बाजारांत रूढ झाला, आणि बाजारांत रूढ झालेला अर्थच चोराला पुरतो. ऑक्टोबर २०२३ मध्यें, जेथें मारहाण होईल किंवा चोर पकडून ठेवला असेल तेथें तांतडीनें जाण्याचें वचन पोलिसांनीं दिलें; आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें सरकारनें तें दोनशें पौंडांचें कलम रद्द करण्यासाठीं व दुकानांतील नोकरावरील हल्ला हा स्वतंत्र गुन्हा करण्यासाठीं पार्लमेंटांत विधेयक आणलें. स्कॉटलंडनें असा कायदा २०२१ मध्येंच अमलांत आणला होता. हें सर्व योग्यच झालें. तरी माझ्या मनांतून एक गोष्ट जात नाहीं. आम्ही आठ जण पोलिसांना नांवें ठेवीत होतों. पण पोलिस आले असते, तर ‘आम्हीं पाहिलें’ असें सांगावयास आमच्यापैकीं किती जण थांबले असते?

राहिलें चौथें वाक्य: हात तोडण्याचें. हा उपाय लंडन शहरानें याहूनही कठोर रीतीनें करून पाहिलेला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १६९९ च्या कायद्यानें, दुकानांतून गुपचुप ५ शिलिंग किंवा अधिक किंमतीचा माल चोरणाऱ्यास देहांत शिक्षा ठरविली होती. १७७१ सालीं मेरी जोन्स नांवाची तरुण स्त्री लडगेट हिलवरच्या एका दुकानांतून मलमलीचे तुकडे घेतल्याबद्दल टायबर्न येथें फांशी गेली. तिचा नवरा आरमारासाठीं जबरीनें धरून नेलेला. पदरीं लहान मुलें. सर विल्यम मेरेडिथ यांनीं १७७७ सालीं पार्लमेंटांत सांगितलें कीं, दुकानदारानें पाहिलें म्हणतांच तिनें कापड खालीं ठेवलें होतें, आणि वधस्तंभाकडे जातांना तिचें मूल तिच्या अंगावर पीत होतें.

एवढ्या कडक कायद्यानें लंडनमधील उचलेगिरी थांबली काय? नाहीं, उलट कायदाच थांबला. ज्यूरींतील माणसें दुकानदार आणि गृहस्थच होतीं. त्यांना चोरीचा राग होता. पण पांच शिलिंगांच्या कापडासाठीं गळ्याला दोर लावण्यास त्यांचें मन घेईना. मग तीं शपथेवर सांगूं लागलीं कीं, हा माल ४ शिलिंग १० पेन्सांचाच आहे. कित्येक पटींनीं महाग असलेल्या मालाचीही किंमत अशी पांच शिलिंगांच्या खालीं उतरे. दुकानदार फिर्याद करीत ना, साक्षीदार साक्ष देत ना. सर सॅम्युएल रोमिली यांनीं नेमकें हेंच बोट ठेवलें: शिक्षा इतकी क्रूर कीं ती कोणी अमलांत आणीत नाहीं, आणि म्हणून चोराला तिचें भय नाहीं. १८१० सालीं त्यांचें बिल लोकसभेंत मंजूर झालें. पण सरन्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनीं विरोध केला आणि लॉर्डांच्या सभेनें तें ३१ विरुद्ध ११ मतांनीं फेंटाळलें. फेंटाळणाऱ्यांत सात बिशप होते. रोमिली १८१८ मध्यें वारले. उचलेगिरीबद्दलची फांशी त्यांच्या मागून, १८२३ मध्यें, समूळ गेली.

या इतिहासांत मला जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती ही. अठराव्या शतकांतल्या ज्यूरीनें दयेनें तोंड फिरविलें. आजच्या रांगेंतलीं माणसें सोयीनें तोंड फिरवितात. कारणें भिन्न, परिणाम एक. कायदा मऊ असो वा कठोर, लोकांचें मन ज्या पायरीवर उभें असेल, तिच्यापलीकडे तो पाऊल टाकूं शकत नाहीं.

आणि लोकांचें मन तरी सर्वांशीं सारखें कोठें वागतें? १८९६ सालीं सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या एका श्रीमंत व्यापाऱ्याची पत्नी, एला कॅसल, लंडनच्या दुकानांतून उंची वस्तु उचलतांना सांपडली. हॉटेलांतल्या तिच्या खोलींत चोरलेल्या मालाच्या पेट्या निघाल्या. तिला तीन महिन्यांची शिक्षा झाली. पण हा चोरीचा नव्हे, मनाचा विकार आहे असें डॉक्टरांनीं सांगितल्यावर गृहमंत्र्यांनीं तिला थोड्याच दिवसांत सोडून दिलें. ती खरोखरच आजारी असेल; मी डॉक्टर नाहीं. पण गरिबानें उचललें तर चोरी आणि श्रीमंतानें उचललें तर व्याधि, हा भेद करणारी नजर त्या शतकाबरोबर संपली असें समजूं नये. मला तिची गांठ आमच्याच मुलीच्या स्वयंपाकघरांत पडली.

ती कशी, तें आतां सांगतों. या लेखांतला अवघड भाग हाच आहे.

पूर्वीं ग्राहक आणि माल यांच्यामध्यें एक फळी असे, आणि फळीपलीकडे एक माणूस. माल तो माणूसच काढून देई. १९४८ च्या जानेवारींत लंडनच्या मॅनर पार्क भागांत तेथील सहकारी संस्थेनें, आपला माल आपणच उचलून घ्यावयाचें पहिलें पूर्ण दुकान उघडलें, आणि ती फळी नाहींशी झाली. त्यानंतर अर्धशतकानें गल्ल्यावरचा माणूसही हलूं लागला. आतां गिऱ्हाइकानें माल स्वतःच यंत्रापुढें धरावयाचा, मोकळी भाजी स्वतःच वजन करावयाची, पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवून ती कोणती तें सांगावयाचें आणि पैसे भरावयाचे. यंत्र विश्वास ठेवतें. कारण त्याला डोळे असले तरी जीभ नाहीं.

मुलीच्या घरीं चहा आल्याचा होत असे. लंडनच्या थंडींत तो चहा म्हणजे अमृत. एके सकाळीं मीं सहज म्हटलें, “येथें आलें फार महाग दिसतें.” तेव्हां जांवईबापू हंसून म्हणाले, “बाबा, आपल्याला महाग नाहीं. मी यंत्रावर आलें ठेवतों आणि कांद्याच्या चित्रावर बोट दाबतों. सगळेच करतात. एवढ्या मोठ्या कंपनीला काय कमी आहे!”

तेंच वाक्य, अक्षरन् अक्षर. मला पुढला घोट गिळवेना. जांवईबापू म्हणजे कोणी उडाणटप्पू मनुष्य नव्हे. मोठ्या हुद्द्यावर आहेत, देवधर्म पाळतात, आमची दोघांची त्यांनीं केलेली सेवा पोटच्या मुलानें केली नसती. निळ्या पिशवीवाल्याबद्दल बोलतांना त्यांचा संताप खरा होता. चोर तो होता. हे मात्र यंत्राची गंमत करीत होते. मीं सौभाग्यवतीकडे पाहिलें, तिनें माझ्याकडे. सासरा जांवयाच्या घरीं पाहुणा; जांवयाला काय शिकवायचें? मीं मान खालीं घातली आणि बशींतल्या चहाकडे पाहिलें. त्या क्षणीं आठवण झाली: दुकानांत मीं असेंच जोड्यांकडे पाहिलें होतें.

रात्रीं सौभाग्यवती म्हणाली, “तुम्ही दुकानांत गप्प बसलां, तेव्हां तो मनुष्य अंगावर येईल ही भीति तरी होती. आज कशाची भीति होती?” यावर मला उत्तर सुचलें नाहीं. आज वाटतें, माया तुटेल ही भीति होती. आणि घरोघर असलेली हीच भीति एकत्र झाली म्हणजे तिला आपण ‘लोकमत’ म्हणतों.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मुद्दाम त्या दुकानांत गेलों. गर्दी नव्हती. गल्ल्यावर तीच मुलगी होती. मीं तिला म्हटलें, “त्या दिवशीं मी येथें होतों. मीं सर्व पाहिलें आणि गप्प राहिलों. मला तें बरें वाटलें नाहीं.” ती प्रथम गोंधळली. मग म्हणाली, “आम्हांला अडवूं नका असाच हुकूम आहे, काका, तुम्हीही अडवूं नका, कोणाकडे सुरी असेल सांगवत नाहीं. चीज गेलें त्याचें मला कांहीं नाहीं. पण तो आला कीं दुकानांत दहा माणसें असूनही मी एकटी असतें.”

ती एकटी असते! त्याच व्यापारी संस्थेच्या पाहणीप्रमाणें २०२३-२४ मध्यें ब्रिटनमधील दुकानांच्या नोकरांना शिवीगाळ, धमकी किंवा मारहाण झाल्याचे प्रसंग दिवसाला दोन हजारांवर होते. ‘कंपनी’ या शब्दाआड आपण ज्याला लपवितों, तो मालक नसून हीं माणसें आहेत. आपली सारी गफलत येथेंच होते. ज्याचें गेलें तो डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून कोणाचें गेलेंच नाहीं असें आपण ठरवितों. आणि जी डोळ्यांपुढें उभी आहे, तिच्याकडे पाहण्याचें टाळतों.

हा सगळा परदेशचा कारभार, आपल्याला काय त्याचें, असें कोणी म्हणेल. पण आपल्या शहरांतही मोठीं दुकानें फळीवांचून चालूं लागलीं त्याला आतां बरीच वर्षें झालीं. आणि फळीच्या दिवसांत तरी आपण कोठें निर्मळ होतों? मंडईंत भाजीवालीकडे दोन मिरच्या वर मागून घेणें निराळें आणि तिचें तोंड वळलें असतां टोपलींतून उचलणें निराळें, हा विवेक आमच्या आजीला होता. ती मागत असे, उचलीत नसे. कचेरींतला कागद मुलांच्या चित्रकलेला, किंवा ‘चुकून’ अधिक आलेली मोड खिशांत, हे प्रकार कोणत्या घरीं झाले नाहींत? संध्येच्या पळीपंचपात्राबरोबर ‘अस्तेय’ हा शब्द आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आला. त्याचा अर्थ दरोडा घालूं नये एवढाच असता, तर त्याला यमनियमांत स्थान मिळण्याचें कारण नव्हतें. दरोडा घालावयाचा कोणाच्या मनांत होता?

तेव्हां सामान्य गृहस्थानें करावें तरी काय? चोराशीं झोंबूं नये. तें शहाणपण नव्हे. पण पाहिलें तें पाहिलें म्हणावें. गल्ल्यावरच्या माणसाजवळ दोन मिनिटें थांबावें, साक्षीची वेळ आली तर नांव द्यावें. भुकेनें चोरी होत असेल, तर भुकेची सोय आपल्या पैशानें करावी. आणि घरांत, आपल्या माणसांशीं, जें बोलणें सर्वांत अवघड असतें, तें बोलावें.

तें मात्र अजून माझ्याकडून झालेलें नाहीं. निघतांना विमानतळावर जांवईबापूंनीं वांकून नमस्कार केला. शब्द ओठांवर आले आणि परत गेले. पत्र लिहावयास बसलों आणि खुशालीच्या चार ओळींवर थांबलों. परंतु हें मासिक दरमहा मुलीच्या घरीं जातें, आणि माझें सदर तेथें पहिल्यानें वाचलें जातें, असें ती सांगते. म्हणून जें समोरासमोर बोलवलें नाहीं, तें आज सर्वांदेखत लिहितों आहें.

जांवईबापू, तुमच्यावर माझा राग नाहीं. तुमच्या यंत्रापुढें उभें राहून मीं काय केलें असतें, कोणी सांगावें? पण पुढच्या वर्षीं आम्ही पुन्हां येऊं तेव्हां चहा आल्याचाच करा, आणि आल्याच्या भावानें आणलेल्या आल्याचा करा. महाग पडत असेल, तर बिनआल्याचा चालेल.